जागचा दगड

आमच्या सरांच्या कमरेला मी कधी पट्टा पाहिला नाही. लेंगा नाडीचा, चपला खिळे न मारता शिवून घेतलेल्या, चष्म्याच्या काड्या प्लॅस्टिकच्या आणि जेवणाचा डबा पितळेचा, कल्हई केलेला. स्टीलच्या डब्यानं काही बिघडत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. "बिघडत नाही," ते म्हणायचे, "पण सवय लागते. आज स्टील, उद्या लोखंड." देवधर्माशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. लोखंडाचं सोवळं मात्र त्यांनी जन्मभर पाळलं.

मी त्यांच्याकडे पीएचडी करायला गेले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझे गुण विचारले नाहीत की विषय विचारला नाही. माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "केसात पिना किती आहेत?"

मी चाचपून मोजल्या. "सहा."

"फील्डवर येताना रबर लाव. होकायंत्रावर वाकशील तेव्हा सुईला उत्तर दिसायला हवी, तुझा अंबाडा नको."

घरी कोऱ्हाळ्याला आल्यावर हे मी वडिलांना सांगितलं. उसाला पाणी देऊन नुकतेच आले होते, पायाला चिखल तसाच होता. म्हणाले, "मास्तर हाय का सोनार? पिना कशाला मोजतोय?"

वडिलांना विषय समजावून सांगायला मला वर्ष लागलं. सरांनी तो एका गुऱ्हाळावर पाच मिनिटांत सांगितला. बारामतीपासून इंदापूरपर्यंत जमिनीखाली सगळा काळा दगड आहे आणि तो एके काळी लाव्हा होता, एवढं शाळेत कळतं. पुढचं असं, की त्या लाव्ह्यात लोखंडाचे अगदी बारीक कण होते, आणि निवताना त्यांनी पृथ्वीच्या चुंबकाची त्या वेळची दिशा धरली. दगड झाला आणि दिशा आत अडकली.

"काकवी पातळ आहे तोवर त्यात पडलेली काडी फिरते," सर कढईकडे बोट करून सांगत होते. "गूळ आळला की काडी अडकली. आता तुम्ही ढेप वळवून ठेवा. काडी ढेपेबरोबर वळणार. मी मागाहून येतो, काडी बघतो आणि ढेप किती वळवलीय ते सांगतो."

"आन् ढेप वळिवली कुनी?" गुळव्यानं विचारलं.

"तेच तर शोधतोय," सर म्हणाले आणि गरम गुळाचा खडा तोंडात टाकला.

दख्खनच्या सगळ्या दगडाची त्या काळातली दिशा साधारण ठरलेली आहे. एखाद्या भागातला दगड वेगळीकडेच तोंड करून बसला असेल, तर समजायचं की तिथला जमिनीचा तुकडाच्या तुकडा वळला. सरांचा असा एक लाडका तुकडा होता. भिगवणच्या खालून इंदापूरकडे जाणाऱ्या दोन लांब भेगा, आणि त्यांच्या मधली अरुंद पट्टी. वाती वळताना दोन तळव्यांत कापूस फिरतो, तशी ही पट्टी दोन भेगांमध्ये सापडून फिरली असली पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. वाटायला लागून मी त्यांना भेटेपर्यंत अठरा वर्षं झाली होती. बाकीचे जाणकार म्हणत, आपलं पठार ढिम्म आहे, त्यातलं काही वळत नाही. सर त्यांच्याशी वाद घालत नसत. "दगडाला विचारू," एवढंच म्हणत.

दगडाला विचारायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. जीप स्वतः चालवायचे, आणि दगडापासून मोजून चाळीस पावलांवर उभी करायचे. मग जमलेल्या माणसांकडे वळून हात पुढे करायचे. "लोखंड द्या." लोक आधी दचकायचे. मग हातातली कडी, कमरेच्या किल्ल्या, खिशातले मोबाइल, विळे, खुरपी असा सगळा ऐवज एका गोणपाटावर जमा व्हायचा. एकदा एका पैलवानाचं कडं मनगटातून निघेना, तर सरांनी त्याला चाळीस पावलांवर नेऊन जीपच्या बॉनेटवर बसवलं आणि तिथून मोठ्यानं ओरडून त्याच्याशी गप्पा मारल्या. त्याला एकटं वाटू नये म्हणून.

यंत्रानं दगडाला भोक पाडून बोटाएवढी जाड कांडी काढायची. उसाच्या मुलखात लोकांनी तिला दुसरं नाव दिलंच नाही, कांडीच म्हणाले. पण कांडी काढण्याआधी ती कोणत्या दिशेला तोंड करून बसली होती त्याची खूण करावी लागते. कांडी हातात आल्यावर तिची दिशा सांगणारा माईचा लाल कुणी नसतो. होकायंत्र तर असायचंच, पण आमचा काळा दगड कधीकधी स्वतःच सुईला नादी लावतो. म्हणून सरांचा खरा विश्वास उन्हावर. एक लाकडी थाळी, मधोमध बारीक काडी, काडीची सावली कुठं पडते ते पाहायचं आणि वेळ लिहायची. ढग आला की काम बंद. ढग जाईपर्यंत सर डबा उघडायचे नाहीत. मी एकदा भुकेनं कासावीस होऊन म्हटलं, "सर, ढगाचा आणि जेवणाचा काय संबंध?" तर म्हणाले, "जेवताना ढग गेला तर?"

लोकांना ते पाणाड्या वाटायचे, यात लोकांची चूक नव्हती. उन्हात वाकून दगड बघणारा माणूस आणखी कोण असणार? "सर, पानी किती फुटावर लागंल?" असं विचारलं की ते खरोखर ओशाळायचे. "पाण्यातलं मला कळत नाही हो. पण हा दगड निवला तेव्हा उत्तर कुठं होती, ते सांगू शकतो."

"त्येचं काय करायचं?"

"काहीच नाही," सर म्हणायचे. ते इतक्या आनंदानं म्हणायचे की माणसं चहा ठेवायची.

आता त्यांची ती सवय सांगते, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले. यंत्र सुरू करण्याआधी सर त्या रानातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला गाठायचे आणि विचारायचे, "हा दगड जागचाच का? कुणी हलवलेला नाही ना?" येईल ते उत्तर वहीत जसंच्या तसं उतरवायचं. त्यासाठी वहीत वेगळी ओळच आखलेली असायची. परदेशातली पुस्तकं दगडाच्या भेगा बघा, कडा बघा, असं सांगतात. सर तेही बघायचे. पण त्यांचं म्हणणं, "दगडाला विचारायच्या आधी माणसाला विचार. माणूस तिथं रोज असतो."

उत्तरं काय एकेक मिळायची! "आमच्या आज्याच्या टायमापासनं हाय." "का? न्यायचाय का तुमाला?" एका बाईनं तर धुणं आपटता आपटता सांगितलं, "म्या हितं नांदायला आले तवापासनं हितंच हाय त्यो. त्यो कुटं जातोय? जायचंच आसतं तर म्या गेले आसते." सरांनी ते एकही शब्द न वगळता लिहून घेतलं.

दुसऱ्या वर्षापासून हे विचारायचं काम माझ्याकडे आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला लागलं. सर परगावचे, त्यांना सगळं खपायचं. मी इथली. कुठल्याही वस्तीवर गेलं की कुणीतरी ओळखणारं निघायचं, आणि मग "कोऱ्हाळ्याची पोरगी डाक्टर व्हनार हुती, ती दगूड हालला का इचारत हिंडतीया" ही बातमी माझ्याआधी घरी पोचायची. सावलीची थाळी, होकायंत्र, भोकं पाडायचं यंत्र यांचा मला अभिमान होता. त्या प्रश्नाची लाज वाटायची. शास्त्रात असं कुणी विचारतं का?

पट्टीतल्या दोन ठिकाणच्या कांड्या तोवर तपासून झाल्या होत्या. दोन्हींत दिशा जराशी ढळलेली दिसत होती, पण मोजण्यातली चूकही तेवढीच असू शकत होती. तिसऱ्या ठिकाणावर सगळं येऊन ठेपलं होतं. सरांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि माझा प्रबंधही त्याच पट्टीवर उभा होता.

तिसरं ठिकाण इंदापूर तालुक्यात एका डाळिंबाच्या बागेच्या कडेला मिळालं. बैलगाडीच्या साटीएवढा सपाट, देखणा दगड, सगळीकडून मातीत रुतलेला, कडेनं हरळी वाढलेली. बागेत पाणी धरणारा नवा गडी म्हणाला, "पाडा की भोकं, माझं काय जातंय." ऊन लख्ख होतं, सर थाळी घेऊन ओणवे झाले आणि मला म्हणाले, "जा, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचारून ये."

मी निघाले, आणि अंगणाच्या पाटीवरचं आडनाव वाचून मक्याच्या आड थांबले. दोन वर्षांपूर्वी याच घरातलं स्थळ मला सांगून आलं होतं. कांदेपोहे झाले होते, मुलगा एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात चांगल्या जागेवर होता, आणि मी नाही म्हटलं होतं. आता त्याच उंबऱ्यावर जाऊन, केसांना रबर लावून, उन्हानं काळवंडलेल्या तोंडानं विचारायचं, "तुमचा दगड हलला का?" मी मक्यात दहा मिनिटं उभी राहिले. परत येऊन म्हटलं, "विचारलं सर. जागचा आहे." आणि वहीतल्या त्या ओळीवर माझ्या अक्षरात लिहिलं: विचारले. जागचा.

एका वाक्याची ती लबाडी मला तेव्हा लबाडीसुद्धा वाटली नाही.

कांड्या प्रयोगशाळेत गेल्या. आकडे आले: ठरलेल्या दिशेपासून एकवीस अंश. आठही कांड्या एकमुखानं सांगत होत्या, एकवीस अंश. सर खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. मग स्वतः जाऊन पेढे आणले आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना वाटले. प्राचार्यांना वाटलं सरांना नातू झाला. परिषदेसाठी निबंध लिहून तयार झाला, माझं नाव त्यांच्या नावाच्या आधी घातलं. "त्या दगडाचा एक चांगला फोटो हवा," ते म्हणाले. "तू एकटीच जाऊन ये. मी गेलो तर परत चार भोकं पाडीन."

मी गेले. दगडाशेजारी एक म्हातारबाबा उकिडवे बसून भोकांत बोट घालून बघत होते. पागोटं, पांढऱ्या मिशा, हातात काठी. त्या घरातले तात्या. कांदेपोह्यांच्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले मला आठवले, आणि मीही त्यांना आठवले.

"आमच्या पोराला न्हाय म्हनलीस ती तूच न्हवं?"

"होय तात्या."

"बरं केलंस. लई चिडका हाय त्यो." मग काठीनं दगड ठोकत म्हणाले, "आन् ही भोकं कुनी पाडली?"

मी सांगितलं. सगळं नीट सांगितलं, गुळाची ढेप, काडी, वळलेली जमीन. तात्या ऐकत होते आणि त्यांच्या मिशा हळूहळू रुंद व्हायला लागल्या.

"पोरी, जमिनीचं मला ठावं न्हाय. पर ह्यो दगूड वळलाय ह्ये खरं हाय. शेततळं खांदलं तवा पोकलेनला वाट पायजे हुती. आडवा येत हुता. पोकलेनवाल्यानं बकेट लावून फिरिवला त्येला, जागच्या जागी. तीन सालं झाली."

मी फोटो काढला नाही. भिगवणला येऊन स्टेशनवरच्या बाकावर बसले आणि दोन गाड्या सोडल्या. मग चार दिवस मी सरांना काही सांगितलं नाही. का, ते सोपं आहे: मला भीती वाटत होती. प्रबंध जाईल ही भीती होती, पण त्याहून मोठी भीती पेढे वाटतानाच्या त्यांच्या चेहऱ्याची होती. चार दिवसांत ते मला तीनदा म्हणाले, "फोटो?" आणि मी तीनदा म्हणाले, "ढग होते सर."

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "ढग असताना थांबलीस का जेवायची?" त्यांनी सहज विचारलं होतं. मला रडू फुटलं आणि मी सगळं बोलून टाकलं, मका, पाटी, स्थळ, पोकलेन, काही राखलं नाही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मी शिव्यांची वाट बघत होते. ते म्हणाले, "किती फिरवला?"

"काय सर?"

"पोकलेननं. किती अंश फिरवला?"

"ते मी विचारलं नाही."

"परत विचारलं नाहीस!" असं म्हणून त्यांनी जीपची किल्ली उचलली.

तात्यांच्या रानात पोचल्यावर सरांनी जीप चाळीस पावलांवर लावली, तात्यांच्या कमरेचा अडकित्ता काढून घेतला आणि विचारलं, "आधी दगडाचं तोंड कुठं होतं?" त्या दगडाला एका अंगानं नाकासारखा कोपरा होता. तात्यांनी डोळे बारीक केले. "नाक उंबराकडं हुतं. आमची म्हातारी हितं बसून उंबराकडं बघत ज्वारी पाखडायची. आता मोटरच्या खोलीकडं झालंय." सरांनी दगडाच्या मधल्या भोकात लाकडी खुंटी ठोकली, एक दोरा उंबराच्या बुंध्याकडे ताणला आणि दुसरा नाकाच्या रेघेत मोटरच्या खोलीकडे. थाळी ठेवली. सावली वाचली. पुन्हा वाचली. मला वाचायला लावली.

"किती?"

"बावीस, सर."

आणि त्या माणसानं, ज्याचं वीस वर्षांचं काम त्या क्षणी मातीत गेलं होतं, तात्यांना कवळ्यात धरून उचललं. "प्रयोगशाळेनं एकवीस सांगितलं होतं! तात्या, दगड खरं बोलला! तुमच्या पोकलेनवाल्यानं काय केलं ते दगडानं एका अंशाच्या फरकानं सांगितलं!"

"खाली ठेवा आदी," तात्या म्हणाले. "त्यो एक आंश ड्रायवरचा आसंल. प्यालेला आसायचा."

परतताना भिगवणला एका खानावळीत थांबलो. सर चिलापी माशाचे काटे फार नेटकेपणानं काढून ताटाच्या कडेला ओळीनं लावायचे. तेवढं झाल्यावर हात धुऊन त्यांनी पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"त्या ओळीखाली लिही."

मी आधीची ओळ खोडायला पेन टेकवलं, तर त्यांनी माझा हात धरला. त्यांनी मला हात लावल्याचा तेवढाच प्रसंग.

"खोडायचं नाही. खाली लिही. मला राग आलाय, खूप आलाय, पण राग माझा मी बघून घेईन. उद्या कुणी ही वही वाचली तर त्याला कळायला पाहिजे की आपण कुठं चुकलो."

मी लिहिलं: विचारले नव्हते. आज विचारले. शेततळे खणताना पोकलेनने फिरवला. सांगणार तात्या.

परिषदेत निबंध मागे घेता आला असता, कुणाला कळलंही नसतं. सर गेले. मीही मागं बसले होते. त्यांनी दगडाचा, उंबराचा आणि काठी घेऊन उभ्या राहिलेल्या तात्यांचा फोटो पडद्यावर लावला आणि सगळी हकीकत सांगितली, माझ्या नावाच्या जागी "आम्ही" म्हणत. "आम्ही विचारलं नाही." लोक हसले, पोकलेनला तर टाळ्या पडल्या. मग कुणीतरी उभं राहून विचारलं, म्हणजे तुमची पट्टी वळली की नाही? सर म्हणाले, "मला माहीत नाही." इतक्या मोकळेपणानं हे वाक्य बोललेला दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि आता मी स्वतः शिकवते तेव्हा वर्गात ते म्हणायला मला दर वेळी बळ गोळा करावं लागतं.

त्यानंतर आम्ही पुन्हा फील्डवर निघालो, तेव्हा माझी खात्री होती की प्रश्न आता ते स्वतः विचारतील. नाहीतर माझ्या मागून येऊन दारात कान देऊन उभे राहतील. त्यांनी जीप लावली, वही माझ्या हातात दिली आणि थाळी पुसत बसले. "जा, विचारून ये," म्हणाले. मान वर करूनही पाहिलं नाही. मला वाटतं, मी त्या दिवशी शास्त्र शिकले.

माझा प्रबंध पुढे दुसऱ्याच प्रश्नावर झाला, दगड हलवलेला असेल तर ते कसं ओळखावं यावर. सर निवृत्त होऊन बारामतीत एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. गुडघे गेले, जीप विकली. तिसरं ठिकाण काही मिळालं नाही. पट्टीत उघडा, जागचा दगड फार थोडा, आणि जो होता त्यावर एव्हाना बागा झाल्या होत्या.

गेल्या पौषात मला तात्यांचा फोन आला. वय नव्वदीला टेकलेलं, आवाज मात्र तसाच.

"पोरी, खालच्या रानात नवी इहीर खांदतुया. तळाला काळा फत्तर लागलाय. सुरुंगवालं आल्यात, पर म्या म्हनलं, आमचं सर आल्याबगर बार उडवायचा न्हाय. तीन दिस झालं त्येंला च्या पाजून बसवून ठिवलंय. घरातली समदी माज्यावर कावल्यात. कवा येताय?"

आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. सरांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट दोघांनी उचलून विहिरीच्या काठावर ठेवलं, शेजारी दुसऱ्या खुर्चीत तात्या. लेंगा नाडीचाच होता. मी यारीच्या, म्हणजे विहिरीतला दगड उपसायच्या क्रेनच्या, बादलीत उभी राहून तळाला उतरले, आणि यारीची बादली वर गेल्यावर उत्तरेकडच्या भिंतीपाशी ऊन यायची वाट बघत बसले. हिवाळ्यातलं ऊन विहिरीच्या तळाला तासाभरासाठी येतं. वर दोन म्हातारे काही बोलत होते, अधूनमधून हसल्याचा आवाज खाली येत होता.

ऊन आलं. मी थाळी मांडली. वरून सरांचा आवाज आला, "विचारलंस का?"

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी मान वर करून ओरडले, "तात्या, हा दगड जागचाच का?"

"आगं इहिरीच्या तळाचा फत्तर त्यो! त्येला कोन हालवनार?"

"लिही!" सर ओरडले.

आठ कांड्या निघाल्या. दगड निकोप होता आणि आकडे स्वच्छ आले. त्यांनी दाखवलेली दिशा दख्खनच्या ठरलेल्या दिशेला तंतोतंत जुळत होती. पट्टी वळली नव्हती. तसूभरही नव्हती.

फोन करण्याआधी मी घरात दोन फेऱ्या मारल्या. चार दिवस मात्र थांबले नाही. मग सांगून टाकलं. म्हातारपणी माणसाचा श्वास फोनवर ऐकू येतो, तो ऐकत मी उभी राहिले.

"नाही वळली," सर म्हणाले. मग थोड्या वेळानं, "बरं झालं कळलं. मला वाटत होतं, न कळताच जाईन." आणि लगेच, "तात्यांना कळवलंस का? दगड त्यांनी राखला."

मी तात्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आमचं रान हाय तितंच हाय म्हन की. हाललं न्हाय."

"नाही हललं, तात्या."

"त्ये तर म्या पैल्याच दिशी सांगितलं आसतं. तुमी निस्तं दगडाचं इचारत हुता. रानाचं कुटं कुनी इचारलं मला?"

हे मी सरांना परत फोन करून सांगितलं. ते इतके हसले की खोकला लागला, मग पाणी प्याल्याचा आवाज आला, आणि मग म्हणाले, "वहीत लिही. जसंच्या तसं."

लिहिलं आहे.